डिझेलच्या खाली पाणी

भिवंडीतून समुद्र दिसत नाही. आज हे शहर ओळखलं जातं ते यंत्रमागांसाठी आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या गोदामांसाठी. पण भरतीचं खारं पाणी वसईच्या खाडीतून आत शिरतं, घोडबंदर, काल्हेर, कशेळी मागे टाकत कल्याणच्या दिशेनं चढतं आणि वाटेत भिवंडीच्या कडेलाही येऊन टेकतं. या पाण्यामुळेच भिवंडीला मराठ्यांच्या इतिहासात एक वेगळी जागा मिळाली. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीच्या आश्रयानं बांधली जाऊ लागली. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जहाजबांधणीकार आणि त्याचा मुलगा फेर्नांव या कामावर होते. त्यांच्या हाताखाली पोर्तुगीज मुलखातली तीनशेहून अधिक माणसं राबत होती. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना आपल्याकडे वळवून घेतलं. आरमाराची बांधणी मात्र थांबली नाही.

त्या गलबतांवर लोखंड होतं ते खिळ्यांचं, नांगराचं आणि तोफांचं. बाकी सगळा कारभार लाकूड, दोर, कापड, राळ आणि तेलाचा. खिळा गंजला तर तो कुठे गंजला हे सुताराला माहीत असे. डोक्याभोवती काळा डाग दिसे, ठोकून आवाज घेता येई, खिळा उपटून नवा मारता येई. आजच्या शिडाच्या बोटीवर मात्र पत्र्याची एक मोठी वस्तू अशा जागी बसलेली असते, जिथे ना नजर पोहोचते ना हात. ती म्हणजे डिझेलची टाकी.

हा विषय भिवंडीला वाटतो तितका परका नाही. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ नुसार वसई खाडी आणि उल्हास नदीचा १४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला आहे. वसई, कोलशेत, डोंबिवली, काल्हेर, अंजूरदिवे अशा धक्क्यांच्या योजना त्यावर आखल्या गेल्या. खाडीत पुन्हा बोटी यायच्या तर त्यांच्यासोबत टाक्याही येणार. आणि खाडीचं हे पाणी पत्र्याला खुल्या समुद्राइतकंच, चिखलामुळे कधी त्याहूनही जास्त, छळतं.

कोकणच्या किनाऱ्यावर शीड आणि इंजिन काही दशकं एकाच होडीवर नांदत होती. स्वातंत्र्यानंतर मच्छीमार सहकारी सोसायट्यांमार्फत कर्ज आणि अनुदान मिळू लागलं, तशी मचव्यांच्या पोटात डिझेल इंजिनं बसू लागली. वाऱ्यावर भरवसा ठेवणारे तांडेल सुरुवातीला शीड उतरवायला तयार नव्हते. इंजिन बंद पडलं तर घरी आणणारं तेच होतं. मचवा मुळात इंजिनासाठी बांधलेला नव्हता, त्यामुळे टाकीसाठी वेगळी जागाही नव्हती. इंजिनाच्या बाजूला, मागच्या फळ्यांखाली, जिथे पोकळी मिळेल तिथे बेतलेली पत्र्याची पेटी ठोकून बसवली जाई. ती जागा नेमकी सगळ्यात खोल, सगळ्यात दमट आणि वारा नसलेली. नव्या फायबरच्या बोटींतही टाकीच्या नशिबी बहुधा तीच जागा येते. वजन तळाशी असावं हा नौकानयनाचा नियम बरोबरच आहे, पण बोटीत शिरलेलं पाणीही तळाशीच जातं.

मासेमारीच्या ट्रॉलरची टाकी आणि शिडाच्या बोटीची टाकी यांच्यात एक मोठा फरक आहे. ट्रॉलर डिझेल पितो. आठवडाभराच्या फेरीत टाकी रिकामी होते, परत भरते, आतलं सगळं ढवळलं जातं आणि थोडंफार पाणी फिल्टरमध्ये अडकून बाहेर पडतं. शिडाची बोट इंजिन लावते ती बंदरातून निघताना, बंदरात शिरताना, वारा पडला की, नाहीतर बॅटऱ्या चार्ज करायला. तिच्या टाकीतलं डिझेल महिनोन्‌महिने हलत नाही. गंजासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. गोदामांच्या मागे उभ्या असलेल्या जनरेटरच्या टाक्यांची गतही अशीच असते. वीज सहसा जात नाही, म्हणून डिझेल वर्षभर तसंच पडून राहतं आणि ज्या दिवशी जनरेटर हवा असतो त्याच दिवशी त्याचा फिल्टर तुंबतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिझेल पत्रा खात नाही. कोरड्या, स्वच्छ डिझेलमध्ये बुडालेलं साधं लोखंड वर्षानुवर्षं चकचकीत राहतं, कारण तेलाचा थर हवा आणि पाणी दोन्ही दूर ठेवतो. पत्रा खातं ते डिझेलखालचं पाणी. एक लीटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, पाण्याचं १,००० ग्रॅम. म्हणून टाकीत शिरलेला प्रत्येक थेंब तळाशी जातो, सगळ्यात खालचा कोपरा शोधतो आणि तिथेच थांबतो. इंजिनाला डिझेल नेणारी नळी गाळ येऊ नये म्हणून तळापासून वर ठेवलेली असते, त्यामुळे ते पाणी कधी ओढलंही जात नाही. त्यात मीठ असेल तर काम आणखी सोपं होतं. समुद्राच्या एका लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि क्षारांचं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. गंजणं ही मुळात एक छोटी विद्युतक्रिया आहे. पत्र्याचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो आणि विरघळतो, दुसरा भाग ते घेतो, आणि मधलं पाणी हा व्यवहार पूर्ण करतं. पाणी काढलं की व्यवहार थांबतो.

मग हे पाणी येतं कुठून? बोटीच्या धक्क्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘टाकी अर्धी ठेवली की आत दव धरतं.’ हे खोटं नाही, पण हिशेब केला तर दवाचा वाटा फार लहान निघतो. समजा २०० लीटरची टाकी अर्धी भरलेली आहे, म्हणजे वर १०० लीटर हवा. तीस अंश तापमानाच्या, बाष्पानं पूर्ण भरलेल्या १०० लीटर हवेत जेमतेम ३ ग्रॅम पाणी असतं. दिवसा तापून रात्री थंड होताना टाकी श्वास घेते. तापमान २० अंशांनी हललं तरी सुमारे सात लीटर नवी हवा आत येते आणि तिच्यासोबत पाव ग्रॅमहूनही कमी पाणी. पावसाळी मासेमारी बंदीचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, रोज असं घडलं आणि सगळंच्या सगळं बाष्प आतच धरलं गेलं, तरी जमतील दोन-तीन चमचे. डिझेलसोबत येणारं पाणी याच्याहून जास्त असू शकतं. बीएस-६ डिझेलमध्ये एका किलोमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत पाणी चालतं, म्हणजे २०० लीटरच्या एका भरणीत जास्तीत जास्त ३३ ग्रॅम.

खरा चोर वेगळाच आहे, आणि तो डेकवर सगळ्यांच्या पायाखाली असतो: डिझेल भरायच्या तोंडाचं झाकण. या झाकणाच्या आट्यांत रबराची एक बारीक रिंग असते. ऊन, खारं पाणी आणि डिझेल यांनी ती दोन-तीन वर्षांत कडक होते, तडकते. डेकवर त्या झाकणाभोवती एक फूट व्यासाचा किंचित खोलगट भाग आहे असं धरलं, तर एका दिवसाच्या १०० मिलीमीटर पावसात तिथे सुमारे सात लीटर पाणी पडतं. त्यातला शंभरावा हिस्सा जरी तडकलेल्या रिंगमधून खाली गेला, तरी एका दिवसात ७० मिलीलीटर. ठाणे जिल्ह्यात जून-जुलैत हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. दवाचे दोन-तीन चमचे आणि झाकणातून येणारं हे पाणी यांची तुलनाच होत नाही. टाकी भरून ठेवावी हा सल्ला चांगलाच आहे, कारण भरलेल्या टाकीत वरच्या पत्र्याला हवा लागत नाही. पण झाकणाची रिंग न बदलता टाकी भरून ठेवणाऱ्यानं अर्धंच काम केलेलं असतं. दुसरी वाट हवेच्या नळीची. तिचं तोंड वर वळवून मग खाली वाकवलेलं नसेल, किंवा ते बोटीच्या कडेला फार खाली असेल, तर बोट वाऱ्यानं कलली की लाट सरळ टाकीत येते.

वादळात पाणी किती आत पोहोचतं याचं एक उदाहरण मुंबईत बांधलेल्या बोटीचंच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश नाविकानं १९६३-६४ मध्ये कुलाब्यात सागवानी ‘सुहैली’ बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट. या बोटीतून त्यानं १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. त्या सफरीत केप ऑफ गुड होपजवळ सप्टेंबरमध्ये बोट लाटेनं आडवी झाली आणि पुढे लक्षात आलं की पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या आहेत. उरलेला प्रवास त्यानं पावसाच्या पाण्यावर भिस्त ठेवून काढला. पिण्याच्या पाण्यात मीठ गेलं की ते जिभेला लगेच कळतं. डिझेलच्या टाकीत गेलेलं मीठ कळतं ते दोन-तीन वर्षांनी, पत्र्याला भोक पडल्यावर.

टाकीच्या आत लोखंडाशिवाय आणखीही काही जगत असतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांना पाणी हवं असतं राहायला आणि डिझेल हवं असतं खायला. यातली सगळ्यात प्रसिद्ध बुरशी केरोसीनमध्ये वाढणारी म्हणून ओळखली जाते. जेट विमानं आली तेव्हा त्यांच्या पंखांतल्या अॅल्युमिनियमच्या टाक्यांत तिनं मोठा उच्छाद मांडला होता. ही बुरशी काळपट, बुळबुळीत थर तयार करते, फिल्टर तुंबवते आणि आपल्या पोषणातून आम्लं सोडते. त्या थराखाली प्राणवायू पोहोचत नाही, मग तिथे गंधकावर जगणारे जिवाणू बस्तान बसवतात आणि त्यांचा मारा पत्र्यावर एका ठिकाणी होतो. सगळा पत्रा सारखा पातळ होत नाही, खोल खड्डे पडतात. समुद्राच्या पाण्यात उघडं लोखंड वर्षाला साधारण ०.१ मिलीमीटर झिजतं. या वेगानं तीन मिलीमीटरचा पत्रा तीस वर्षं टिकावा. खड्डा मात्र तेवढाच पत्रा काही वर्षांत पार करतो. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारी टाकी एके सकाळी अचानक गळायला लागते.

नव्या इंधनानं हा प्रश्न संपवलेला नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं आणि गंधकाचं प्रमाण दहा लाखात दहा भागांवर उतरलं. हवेसाठी ती मोठी गोष्ट झाली. अमेरिकेत असं कमी गंधकाचं डिझेल आधीपासून होतं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१६ मध्ये जमिनीखालच्या ४२ डिझेल टाक्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ८३ टक्के टाक्यांमध्ये आतल्या धातूच्या भागांवर मध्यम ते गंभीर गंज आढळला. आपल्या टाकीत असं काही चाललंय याची कल्पना त्यांच्या मालकांपैकी पाव भागालाही नव्हती. पेट्रोल पंपाच्या टाकीवर रोज कुणाचं तरी लक्ष असतं. बोटीच्या टाकीकडे कोण बघतो? बायोडिझेल मिसळलेलं इंधन तर पाणी आणखी धरून ठेवतं आणि जंतूंनाही अधिक मानवतं. जिथे डिझेल महिनोन्‌महिने पडून राहणार तिथे ते टाळलेलं बरं.

इथवर आतला गंज झाला. शिडाच्या बोटीवर टाकी मरते ती बऱ्याचदा बाहेरून.

टाकी लाकडी फळीवर बसवलेली असते. हादरे बसू नयेत म्हणून खाली फेल्ट, स्पंज, जुनं कापड किंवा रबर घातलेलं असतं. वरून पत्र्याचा पट्टा आवळलेला. या सगळ्या गोष्टी खारं पाणी शोषतात किंवा अडकवून ठेवतात. साधं लोखंड तिथे लाल गंजानं सुटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लोक अॅल्युमिनियमकडे किंवा स्टेनलेस स्टीलकडे वळतात आणि निश्चिंत होतात, आणि नेमकी तिथेच चूक होते. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस दोन्ही धातू स्वतःच्या अंगावर प्राणवायूनं बनलेल्या अतिशय पातळ कवचामुळे टिकतात. कवच ओरखडलं तर हवेतल्या प्राणवायूनं ते लगेच भरून येतं. ओल्या फेल्टखाली किंवा घट्ट पट्ट्याखाली हवाच पोहोचत नाही. कवच भरून येत नाही आणि मीठ आपलं काम चालू ठेवतं. अॅल्युमिनियमवर तिथे पांढरी, ओल्या चुन्यासारखी लगदा झालेली पूड दिसते आणि ती खरवडली की खाली खड्डे. स्टेनलेसचा वरचा भाग आरशासारखा चमकत असतो आणि पट्ट्याखालच्या फटीत सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं. ३०४ जातीचं स्टेनलेस खाऱ्या पाण्यात लवकर शरण जातं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यानं ते जास्त तग धरतं, पण हवाबंद ओल्या फटीत तेही कायमचं टिकत नाही.

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले तर काय होतं, हे ब्रिटिश आरमारानं अडीचशे वर्षांपूर्वी फार महागात शिकून घेतलं. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून संरक्षण म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. ती वेस्ट इंडिजहून परतल्यावर पत्रे तपासले, तर तांबं ठीक होतं आणि लोखंडी खिळे जागोजागी कुजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. कारखान्यातून तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही ठिकाणी तो कागद तसाच मध्ये राहून गेला होता. जिथे कागदानं तांबं आणि लोखंड वेगळं ठेवलं तिथे खिळा वाचला. टाकी बसवणाऱ्या प्रत्येक कारागिरानं हा कागद लक्षात ठेवावा. अॅल्युमिनियमच्या टाकीला पितळेचा कॉक सरळ आट्यांत बसवणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं. पितळ टिकतं आणि त्याच्याभोवतीचं अॅल्युमिनियम विरघळतं. पितळ आणि तांबं डिझेललाही मानवत नाहीत, त्यांच्या सान्निध्यात ते लवकर शिळं होऊन चिकट राळ धरतं.

तांब्याच्या पत्र्यांची गोष्ट पुढे भारताशीही जोडली जाते. १८२३-२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी दाखवलं की तांब्याला जस्ताचा किंवा ओतीव लोखंडाचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबं वाचतं. प्रयोगात मायकेल फॅरडे त्यांच्या मदतीला होते. समुद्रातल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक झाली ‘समरंग’ या युद्धनौकेवर, जी १८२२ साली कोचीनमध्ये सागवानात बांधलेली होती. तांबं खरोखरच वाचलं. पण तांबं विरघळेनासं झाल्यावर त्याचा विषारी गुणही गेला, नौकेच्या तळावर शेवाळ आणि शिंपले चढले, वेग मंदावला आणि आरमारानं ते तुकडे काढून टाकायला लावले. शास्त्र बरोबर होतं, जागा चुकली होती. आज अनेक बोटींच्या तळाला, पंख्याच्या दांड्याला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात ते डेव्हींच्याच तत्त्वावर.

अनेक बोटमालकांची समजूत असते की बाहेर जस्त लावलं आहे, तेव्हा आतली टाकीही सुरक्षित आहे. तसं होत नाही. जस्ताचा ठोकळा ज्या पाण्यात बुडालेला आहे, त्याच पाण्यात बुडालेल्या धातूला तो वाचवतो. बोटीच्या पोटात कोरड्या फळीवर बसलेल्या टाकीपर्यंत त्याचा प्रभाव पोहोचत नाही. काही जण टाकीच्या आतच जस्त टाकतात किंवा टाकी आतून गॅल्व्हनाइज करून घेतात. हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. डिझेलमधली आम्लं जस्ताशी मिळून साबणासारखा गाळ तयार करतात आणि तो इंजिनाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. लोखंडी टाकी आतून उघडी, स्वच्छ आणि कोरडी ठेवणं हेच योग्य.

भिवंडी-कल्याण पट्ट्यात पत्रा कापणारे आणि वेल्डिंग करणारे कारागीर भरपूर आहेत आणि त्यांचं काम चांगलं असतं. त्यांना सांगायचं काय, हे मालकाला माहीत हवं. टाकीचा तळ सपाट नको, एका कोपऱ्याकडे उतरता हवा आणि त्या कोपऱ्यात छोटा खोलगट कप्पा हवा, म्हणजे पाणी पसरून न राहता एका जागी जमेल. त्या कप्प्यापर्यंत वरून उतरणारी एक वेगळी नळी ठेवावी. हातपंपानं ओढलं की तळाचं पाणी आधी बाहेर येतं. वर हात जाईल एवढं बोल्टचं झाकण हवं, कारण जी टाकी उघडता येत नाही ती साफही करता येत नाही. वेल्ड अखंड हवा, तुकड्यातुकड्यांचा नको. वेल्डच्या दोन तुकड्यांमधली फट हीच पाण्याची जागा. कोपरे गोल वळवलेले असले की रंग तिथे पातळ होत नाही.

बाहेरून रंग लावण्याआधी पत्र्यावरचं तेल पुसून तो सँडब्लास्ट करून घ्यावा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारावा. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर गंजाची पिवळट छटा आलेली असते, आणि तिच्यावर मारलेला रंग महागडा असला तरी पापुद्र्यानं सुटतो. मग एपॉक्सीचे दोन-तीन थर, आणि तळाला एक जास्त. नुसतं रेड ऑक्साईड आणि वर ऑइल पेंट हे खिडकीच्या गजांना ठीक आहे. बोटीच्या पोटात ते पुरत नाही.

बसवताना टाकी बोटीच्या तळापासून उचललेली हवी, जेणेकरून आत आलेलं पाणी तिच्या खालून मोकळं वाहून जाईल. आधार मोजके आणि अरुंद ठेवावेत. टाकी आणि आधार यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या निओप्रीनच्या पट्ट्या घालाव्यात, आणि त्या टाकीला गोंदानं पूर्ण चिकटवाव्यात, म्हणजे मध्ये फट राहणार नाही. फेल्ट, स्पंज, गालिच्याचे तुकडे आणि फोम यांना तिथे थारा देऊ नये. काही बोटींत टाकी फोम ओतून जागच्या जागी गाडून टाकतात. ती हलत नाही हे खरं, पण फोममध्ये एकदा पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही आणि टाकी बदलायची तर अर्धी बोट कापावी लागते. चारही बाजूंनी हाताचं बोट घालता येईल एवढी हवा खेळती ठेवणं कोणत्याही रंगापेक्षा जास्त कामाचं आहे.

जुनी टाकी दुरुस्तीला काढली की एक धोका असतो आणि तो दरवेळी सांगायला हवा. रिकामी डिझेल टाकी सुरक्षित नसते. तळाच्या गाळातून आणि सांध्यांतून वेल्डिंगच्या उष्णतेनं वाफ निघते, ती हवेत मिसळते आणि बंद पेटीत स्फोट होतो. टाकी डिटर्जंट आणि गरम पाण्यानं अनेकदा धुऊन, सगळी तोंडं उघडी ठेवून, शक्य असेल तिथवर पाण्यानं भरूनच ठिणगी जवळ न्यावी. आणि हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं. पत्रा जागोजागी पातळ झाला असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. एका खड्ड्याशेजारी न दिसणारे दहा असतात.

रोजची देखभाल मात्र स्वस्त आहे. झाकणाची रबरी रिंग दर वर्षी बदलावी. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवावा आणि प्रत्येक फेरीआधी त्या वाटीकडे बघावं. पेट्रोल पंपावर मोजपट्टीच्या टोकाला लावतात ती पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट बोटीवरही ठेवावी. बुरशीवर मिळणारी औषधं कामाची आहेत, पण पाणी काढून टाकल्यावर. पाणी तसंच ठेवून औषध ओतलं तर मेलेल्या बुरशीचा गाळ फिल्टर तुंबवतो आणि काही महिन्यांत नवी बुरशी तयार होते.

वसईच्या पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत मे महिन्याच्या शेवटी बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. पावसाळ्यासाठी बोटीवर छप्पर चढवणारा नाखवा फळ्यांची, जाळ्यांची, इंजिनाची काळजी घेतो. त्याच वेळी टाकीच्या तळातलं एक लीटर डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावं. सकाळी तळाशी पाण्याची रेषा दिसली तर तळ पूर्ण उपसावा, झाकणाची रिंग बदलावी आणि मगच टाकी काठोकाठ भरून बोट झाकावी. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात लोटण्याआधी हीच बाटली पुन्हा भरून बघावी.

भिवंडीच्या खाडीत जलमार्गाच्या बोटी येतील तेव्हा त्यांची कंत्राटं लिहिणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. इंजिनाची ताकद, आसनांची संख्या, जॅकेटांची संख्या यांच्या सोबत दोन ओळी टाकीबद्दल लिहून घ्याव्यात: टाकीचा तळ हातानं आणि डोळ्यांनी तपासता यावा, आणि बोट न कापता टाकी बाहेर काढता यावी. बोट बांधताना हे जवळजवळ फुकटात होतं, नंतर करायला गेलं तर बोटीचा मागचा भाग उघडावा लागतो.